गोळी कधी थांबवायची, तेही चिठ्ठीवर लिहा

नवतपा लागून तीन दिवस झाले होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास, दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना, माझे एक जुने रुग्ण पत्नीच्या आणि मुलाच्या आधाराने आत आले. वय ५८, इतवारीत एका अडतीवर हिशेब लिहिण्याचे काम, मधुमेह अकरा वर्षांपासून. भंडाऱ्याला नात्यातल्या लग्नाला जाऊन आले होते आणि परतल्या रात्रीपासून उलट्या व जुलाब सुरू होते. मे महिन्याच्या अखेरीस नागपुरात असे रुग्ण रोज दोन-चार तरी येतात. पारा ४५ अंशांच्या वर गेलेला, त्यात लग्नाच्या पंगतीतले दुपारचे जेवण; निदानासाठी फार विचार करावा लागत नाही, आणि त्या दिवशी मीही तो केला नाही.

ग्लुकोमीटरवर शुगर १८६ आली. पत्नीने सुटकेचा श्वास टाकला आणि खरे सांगायचे तर मीही टाकला. वरचा रक्तदाब ९६ होता, जीभ कोरडी होती, पोट दुखत होते. मी सलाईन लावले. तासाभराने रक्तदाब थोडा सुधारला, पण त्यांचा श्वास शांत होईना. धाप लागलेल्या माणसासारखा तो उथळ नव्हता. खोल, संथ न होणारा, मिनिटाला २८ वेळा चालणारा श्वास होता. छातीत स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुप्फुसे स्वच्छ. तेव्हा मी त्यांची जानेवारीतली चिठ्ठी पुन्हा उघडून पाहिली. त्यात मधुमेहाच्या नेहमीच्या मेटफॉर्मिनच्या खाली माझ्याच अक्षरात मधुमेहाचीच दुसरी गोळी लिहिली होती: डापाग्लिफ्लोझिन १० मिलीग्रॅम, रोज सकाळी एक. त्याखाली अधोरेखित केलेली ओळ होती: गोळी चुकवू नये.

मी त्यांच्या पत्नीला विचारले, की उलट्या होत असताना ही गोळी दिली का. त्या म्हणाल्या, "हो मॅडम, रोज दिली. काल उलटीत पडून गेली तर परत दिली. तुम्हीच तं म्हटलं होतं, काही झालं तरी गोळी चुकवाची नाही." पुढे मोठ्या विश्वासाने त्यांनी हेही सांगितले, की दोन दिवस त्या नुसते लिंबूपाणीच देत होत्या, आणि शुगर आहे म्हणून त्यात साखरेचा कणही घातला नव्हता.

तासाभरात त्यांना रुग्णालयात दाखल केले. धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत पीएच ७.१४ आला आणि रक्तातले कीटोन ५.६ होते. हा मधुमेही कीटोअ‍ॅसिडोसिस होता, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्ल होणे, आणि तोही रक्तातली साखर फारशी न वाढता झालेला. सलाईनमधून ग्लुकोज आणि सोबत इन्सुलिन, असा उलटसुलट वाटणारा पण अगदी योग्य उपचार त्यांना मिळाला आणि सहाव्या दिवशी ते घरी आले. त्या बाईंनी माझ्या सांगण्यातला एक शब्दही चुकवला नव्हता. चूक माझ्या चिठ्ठीत होती. तिच्यात गोळी कशी घ्यावी हे होते, कधी घेऊ नये हे नव्हते.

या गोळीबद्दल मनात अढी बसू नये म्हणून आधी हे सांगते, की मी ती आजही लिहिते आणि पूर्वीपेक्षा जास्त रुग्णांना लिहिते. आपल्या मूत्रपिंडांतून दिवसाला सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळले जाते आणि निरोगी माणसात ते जवळजवळ सगळेच रक्तात परत घेतले जाते. हे परत घेण्याचे बहुतेक काम एसजीएलटी-२ नावाचे प्रथिन करते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे त्या प्रथिनाला अडवतात आणि त्यामुळे रोज बरीच साखर लघवीवाटे निघून जाते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळ्या केलेल्या फ्लोरिझिन नावाच्या द्रव्यापासून या कल्पनेचा उगम झाला. परंतु ही औषधे आज महत्त्वाची आहेत ती केवळ साखरेसाठी नाहीत. हृदयविकार असलेल्या मधुमेहींत एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले, आणि त्यानंतर २०१९ व २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनने अशक्त झालेल्या हृदयाला आणि झिजणाऱ्या मूत्रपिंडांना आधार मिळतो हेही सिद्ध झाले. आपल्याकडे २०२० नंतर डापाग्लिफ्लोझिन आणि मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यावर एम्पाग्लिफ्लोझिन अनेक कंपन्या बनवू लागल्या आणि किमती झपाट्याने उतरल्या. जी गोळी पूर्वी मी रुग्णाचा खिसा पाहून लिहीत असे, ती आता अडतीवरचा हिशेबनीसही सहज घेऊ शकतो. औषध इतके सर्वदूर पोहोचल्यावर त्यासोबतची सूचनाही तितकीच सर्वदूर पोहोचायला हवी होती; माझ्यापुरते बोलायचे तर ती पोहोचली नव्हती.

कीटोन का वाढतात, हे मी आता प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना समजावून सांगते, कारण कारण कळले की सूचना लक्षात राहते. माणूस जेवत नाही तेव्हा शरीर चरबी जाळते आणि त्यातून कीटोन तयार होतात. एरवी थोडेफार इन्सुलिन या जळण्याला लगाम घालते. ही गोळी सुरू असताना साखर लघवीतून जात राहते, त्यामुळे रक्तातली साखर चढत नाही, स्वादुपिंडातून इन्सुलिनही कमी सुटते आणि चरबी जळण्याचा लगाम ढिला पडतो. त्यातच उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी आटलेले असते. मग रक्त आम्ल होत जाते आणि ग्लुकोमीटर मात्र १८६ दाखवत बसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयीचा इशारा मे २०१५ मध्येच दिला होता. तो मी वाचलेलाही होता. तरीही समोर मळमळ, पोटदुखी आणि खोल श्वास ही तिन्ही लक्षणे असताना मीटरवरच्या आकड्याने मला तासभर निर्धास्त ठेवले. म्हणून या गोळीवरच्या रुग्णाला उलट्या किंवा धाप असेल, तर शुगर कितीही असो, कीटोन तपासल्याशिवाय मी आता पुढे जात नाही. लघवीची पट्टी प्रत्यक्षापेक्षा कमी कीटोन दाखवू शकते, त्यामुळे बोटातल्या रक्ताची कीटोन पट्टी दवाखान्यात ठेवली आहे. त्यात ०.६ पर्यंतचा आकडा सामान्य धरतात; १.५ च्या पुढे गेला की मी रुग्णाला घरी पाठवत नाही.

त्या जूनमध्येच मी सीताबर्डीवर जाऊन एक रबरी शिक्का करून घेतला. त्यावर चार ओळी आहेत. "उलटी, जुलाब, जोराचा ताप, उपाशीपोट किंवा जेवण निम्म्याहून कमी: ही गोळी बंद. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी बंद. इन्सुलिन कधीही आपल्या मनाने बंद करू नये. नीट जेवण-पाणी सुरू होऊन एक-दोन दिवस झाल्यावर गोळी पुन्हा सुरू." शिक्का चिठ्ठीच्या पाठीवर नव्हे, औषधाच्या नावाशेजारी उमटवते आणि तिथून त्या गोळीच्या नावाभोवती पेनाने एक गोल काढते. तिसरी ओळ मी नंतर घातली. पहिल्या शिक्क्यात ती नव्हती आणि एका काकूंनी तापात गोळीसोबत इन्सुलिनही बंद केले होते. शिक्का त्यांनी अगदी बरोबर वाचला होता, त्यात जे लिहिले नव्हते तेवढेच त्यांना कळले नव्हते. मेटफॉर्मिनही अशा दिवसांत थांबवावे लागते, कारण पाणी आटून मूत्रपिंडे मंदावली की ते अंगात साठते. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची आणखी एक गोळी चालू असेल आणि माणूस जेवत नसेल तर शुगर एकदम खाली जाण्याचा धोका असतो, त्यामुळे तीही थांबवायला सांगते.

आजारपणात पोटात काय जावे, यावर तर प्रत्येक घरी नव्याने बोलावे लागते. मधुमेह्याला साखर म्हणजे विष, हे आपण डॉक्टरांनीच इतकी वर्षे घोकून घेतले आहे, की जुलाब लागल्यावरही घरचे ओआरएसच्या पुडीकडे संशयाने पाहतात, कारण तिच्यात ग्लुकोज असते. ते ग्लुकोज तिथे असायलाच हवे. त्याच्याच आधाराने आतडे मीठ आणि पाणी आत ओढून घेते, आणि तेच ग्लुकोज उपाशी शरीराला चरबी जाळण्यापासून थोडे आवरते. आजाराच्या दिवसांत मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचे पाणी, ओआरएस हे सगळे घोट घोट चालू ठेवावे आणि शुगर दर चार तासांनी पाहावी. नुसत्या पाण्याने किंवा बिनसाखरेच्या लिंबूपाण्याने तहान भागल्यासारखी वाटते, पण अंगातून गेलेले मीठ आणि शरीराला हवे असलेले इंधन त्यातून मिळत नाही.

उपासांचाही प्रश्न याच धाग्यातला आहे. नवरात्रात कोराडीच्या देवीचे नऊ दिवस उपास करणाऱ्या बायका माझ्याकडे आहेत. कुणी फळांवर राहते, कुणी लिंबूपाण्यावर. रोजे ठेवणारे रुग्ण आहेत, आणि उन्हाळ्यात रमजान आला की चौदा-चौदा तास पाण्याचा थेंब घशाखाली जात नाही. मी कुणालाही उपास सोडा म्हणत नाही, कारण तसे म्हटले की ते ऐकत नाहीत आणि पुढच्या वेळी सांगतही नाहीत. एकादशीला दोन वेळा साबुदाणा किंवा भगर खाऊन जो उपास होतो, त्यात गोळीची चिंता नसते. शुगर वाढेल एवढेच. पण ज्यात दिवसभर जवळजवळ काहीच खायचे नाही, अशा उपासाच्या आधी ही गोळी थांबवून तेवढ्या दिवसांपुरती दुसरी व्यवस्था करून देते. अलीकडे पोळी-भात पूर्ण बंद करून वजन उतरवणारे तरुण रुग्णही येतात. त्यांचा उपास महिनोन् महिने चालतो आणि तो आपल्याला कुणी सांगत नाही, विचारावे लागते.

लिहिण्याआधी कुणाला ही गोळी देऊ नये, हे ठरवायला मला आता पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. टाइप वन मधुमेह असेल, पूर्वी कधी कीटोअ‍ॅसिडोसिस झाला असेल किंवा गरोदरपण असेल, तर प्रश्नच नाही. अधिक फसवा असतो तो सडपातळ रुग्ण, ज्याचे वजन आपोआप उतरत चालले आहे आणि कोणत्याही गोळ्यांनी शुगर आटोक्यात येत नाही. त्याच्या कागदावर टाइप टू लिहिलेले असते, पण स्वादुपिंडात इन्सुलिनच उरलेले नसते. अशा माणसाला ही गोळी दिली तर आकडा सुधारतो आणि माणूस बिघडतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याच्या बाबतीतही मी हात आखडता घेते. पायाला उघडी जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबते.

मूत्रपिंडांचा हिशेब क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात त्या टाकाऊ द्रव्याच्या, नुसत्या आकड्यावर करू नये, हे सगळ्यांना माहीत असते आणि गर्दीच्या वेळी सगळेच विसरतात. क्रिएटिनिन १.२ असेल तर चाळीस वर्षांच्या पुरुषाची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ७८ च्या आसपास येते. सत्तर वर्षांच्या आजींची त्याच १.२ ला ४९ च्या जवळ. ४५ च्या खाली गेले की ही गोळी साखर फारशी उतरवत नाही. तिथून पुढे ती लिहायची ती मूत्रपिंड आणि हृदय यांच्या रक्षणासाठी, आणि हे रुग्णाला सांगून. नाहीतर शुगर उतरली नाही म्हणून तो महिन्याभरात गोळी सोडतो. डापाग्लिफ्लोझिन २५ च्या खाली नव्याने सुरू करत नाहीत. मेटफॉर्मिनचा डोस ४५ च्या खाली निम्मा आणि ३० च्या खाली ते बंद. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढते, ते घाबरण्यासारखे नसते. गाळणीवरचा दाब कमी झाल्याची ती खूण असते. मात्र ईजीएफआर ३० टक्क्यांहून जास्त घसरला, तर पाणी आटले आहे का, लघवी वाढवणारे दुसरे औषध चालू आहे का, हे शोधावे लागते.

हे दुसरे औषध बहुतेक वेळा रक्तदाबाच्या गोळीत लपलेले असते. टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असलेल्या जोडगोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात, आणि रुग्णाच्या लेखी ती फक्त "बीपीची गोळी" असते. हिवाळ्यात हे जमून जाते. एप्रिलमध्ये, डोक्याला दुपट्टा बांधून दुपारभर दुचाकीवर फिरणाऱ्या माणसात जमत नाही. वसुलीचे काम करणाऱ्या एका रुग्णाचा रक्तदाब बसून १२८ होता. उभे करून तीन मिनिटांनी पाहिला तर १०२. चक्कर येते का विचारल्यावर तो म्हणाला, की उन्हामुळे येतच असते. तेव्हापासून या गोळीवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब मी उभे करूनही मोजते.

दवाखान्यात येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या, असे मी सांगते, आणि ती टेबलावर उपडी करते. गेल्या वर्षी अशाच एका पिशवीत तीन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या. एक मी लिहिलेली, एक हृदयाच्या डॉक्टरांनी लिहिलेली, आणि तिसरी औषधाच्या दुकानातून पहिलीच्या बदल्यात मिळालेली, जिच्यात मेटफॉर्मिनही होते. तिन्हींच्या मागच्या बारीक अक्षरांत डापाग्लिफ्लोझिन होते आणि आजोबा तिन्ही घेत होते. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच लिहिले होते. कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचे नाव ठळक लिहिणे, आणि हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी पाहिल्याशिवाय आपली न लिहिणे, एवढ्याने हे टळते. नावाभोवती गोल काढण्याचा उपयोगही इथेच होतो; नवी पट्टी आली की घरचे ती गोलाशी ताडून पाहतात.

एका विषयावर रुग्ण आपणहून बोलत नाहीत. लघवीत साखर गेल्यामुळे तिथल्या त्वचेवर बुरशी वाढते. बायकांना खाज आणि पांढरे जाणे, पुरुषांना कातडीखाली लाली आणि चिरा. मी बाई असल्यामुळे पुरुष रुग्ण ही गोष्ट सांगत नाहीत, गुपचूप गोळी बंद करतात आणि तीन महिन्यांनी वाढलेली शुगर घेऊन येतात. म्हणून गोळी सुरू करतानाच मी स्पष्ट सांगते, की असे होऊ शकते, ते लाजण्यासारखे नाही, मलमाने आठवड्यात बरे होते, लघवीनंतर ती जागा साध्या पाण्याने धुवून कोरडी करावी. ज्यांची कातडी मागे येत नाही, त्यांना आधी सर्जनकडे पाठवते. त्या भागात सूज, असह्य वेदना आणि ताप एकत्र आले, तर ते मलमाचे काम नाही. ती दुर्मीळ पण जीवघेणी लागण असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. जाता जाता हेही सांगते, की लघवीच्या तपासणीत साखर चार प्लस येणारच, आणि ती पाहून कुणी औषध वाढवायला सांगितले तर ही चिठ्ठी दाखवा.

ऑपरेशनचा मुद्दा शिक्क्यावर आहे, तरीही तो सर्वांत जास्त निसटतो, कारण हर्निया किंवा गुडघ्याचे ऑपरेशन ठरवताना रुग्ण मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारत नाही. शुगर चांगली आहे, मग विचारायचे काय, असे त्याला वाटते. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर काही दिवस टिकतो, म्हणून तीन दिवस आधी थांबवायचे. आदल्या रात्री थांबवून भागत नाही.

इतवारीच्या त्या गृहस्थांना मी ही गोळी पुन्हा दिली नाही. ते आता मेटफॉर्मिन आणि रात्रीच्या इन्सुलिनवर आहेत, आणि त्यांच्या पत्नी लिंबूपाण्यात साखर घालायची की नाही हे मला फोन करून विचारतात.

दरवर्षी गुढीपाडवा ते हनुमान जयंती या पंधरवड्यात मी या गोळीवरच्या रुग्णांना एकेक करून बोलावते. उभे राहून रक्तदाब, क्रिएटिनिन, गोळ्यांची पिशवी, आणि घरच्यांपैकी एकाने शिक्क्यावरच्या ओळी मला मोठ्याने वाचून दाखवायच्या. यंदा तिघांच्या चिठ्ठीवर शिक्काच नव्हता. मधल्या काळात ते दुसरीकडे दाखल झाले होते आणि तिथून घरी सोडताना औषधांची यादी नव्या छापील कागदावर मिळाली होती. जुनी चिठ्ठी घरी कपाटात राहिली. गोळी यादीत होती, चार ओळी नव्हत्या. मी तिघांच्याही छापील कागदांवर, गोळीच्या नावाशेजारी, शिक्का उमटवला आणि गोल काढला.